चौकट वाकडी, पुन्हा काढा

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांचे कान तिखट आणि भिंत पातळ, त्यामुळे हे फोनवर बोलता येईना. आई जाऊन दोन महिने झाले. बाबा हौशी फोटोवाल्यांच्या त्या ऑनलाइन गॅलरीत अजून फोटो टाकतात. बाकीचे वाहवा करतात, पण बाबा वाट बघतात ती ‘चष्मेवाली’ची. सहा वर्षं ती बाई प्रत्येक फोटोखाली एकच लिहायची: चौकट वाकडी, पुन्हा काढा. आता दोन महिने तिचा शब्द नाही. बाबा अर्ध्या जेवणावरून उठून फोन बघतात.

काल आईचा फोन उघडला. चष्मेवाली म्हणजे आपली आईच. स्वयंपाकघरात बसून बाहेरच्या खोलीतल्या नवऱ्याला लिहायची. मला रडू आवरेना. बाबांना हे कळलं तर ते पुरते खचतील. काय करू, ते लगेच कळव.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

सांगू नकोस. आईच्या फोनवरून तूच दोन ओळी लिही. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही, आता इतक्या लांबून शहाणपण शिकवतोय, हे मलाही कळतं. पण बाबांना तेवढाच आधार होईल.

गंमत बघ, जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, पाणसळ न लावता नुसत्या नजरेने दार सरळ बसवायचा. फोटो मात्र एक धड सरळ नाही. हात कापत असेल आता.

माझ्यावर राग धरू नकोस.

तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडले. बाबांनी आईच्या खुर्चीचा फोटो टाकला होता, नेहमीसारखा वाकडाच. तो बघून मला इतकं भरून आलं की ‘फार सुंदर’ असं लिहून गेले.

बाबा येऊन शेजारी बसले. म्हणाले, तुझी आई असं कधी लिहिणार नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिला खोट काढायला मिळावी म्हणून ते मुद्दाम वाकडे फोटो काढायचे. चुकून सरळ आलेला टाकायचेच नाहीत.

मग वाट कोणाची बघत होता, असं मी विचारलं. म्हणाले, कोणी लिहीत नव्हतं तोवर ती रुसून बसलीय असं समजता येत होतं. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आज खुर्चीचा नवा फोटो टाकलाय, पाणसळ लावून काढलेला, अगदी सरळ. खाली वाहवाची रांग लागली आहे. बाबांनी फोन उघडूनही बघितला नाही.

तू तरी लिहीत राहा.

तुझी ताई