काच धुऊ नये

मी, कुरुविला मात्तन, वय पंचावन्न, राहणार पुल्लिक्कडव, वाचनालयाच्या उत्तरेचं नदीकाठचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे; हृदय तेवढं नाही, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी येत्या आठवड्यात कोट्टयमच्या इस्पितळात छाती उघडायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. बातमीदार म्हणून हे वाक्य मी अनेक पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं असल्यामुळे कागद करून ठेवतो आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. माझा चुलतभाऊ आणि वाचनालयाचा अध्यक्ष ईप्पन, ज्याला आम्ही मानानं ईप्पच्चन म्हणतो, यानं दडपण आणून पाहिलं; ते पुढं कलम पाचमध्ये येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. लग्नही केलेलं नाही. दोन्हींबद्दल गावात जे बोललं जातं त्यातलं निम्मं खरं आहे.

१. माझ्या घरात माझी अम्मच्ची त्रेस्या हयात असेपर्यंत राहील, आणि तिला कोणी उठवू नये. मला जन्म देणारी आई मी चार वर्षांचा असताना गेली. त्यानंतर वडिलांनी त्रेस्याशी लग्न केलं, आणि मला वाढवलं ते तिनं. तिला कोणी सावत्र म्हणालं, तर त्याला माझ्या मयताच्या जेवणात वाढू नये.

२. बँकेत जे आहे ते अम्मच्चीच्या औषधपाण्याला आणि तिच्याजवळ राहणाऱ्या बाईच्या पगाराला. त्यातून उरलं तर चर्चच्या छताला. मी संस्कृत शिकायला निघालो तेव्हाचे फादर म्हणाले होते, "सुरियानी शिकला असतास तर प्रार्थनेला तरी उपयोग झाला असता." उपयोग झाला नाही हे मला मान्य आहे. म्हणून छताला.

३. कॅमेरा, स्कूटर आणि संस्कृत कोश वाचनालयाच्या ग्रंथपाल सौदामिनी चेच्ची, म्हणजे आम्हा सर्वांच्या ताई, यांना. कोश त्या वाचतील. स्कूटर त्यांनी चालवू नये, विकावी.

४. शेजारी वर्की याला माझी शिडी. ती त्याच्याकडेच आहे. आता कायद्यानंही त्याची.

५. माझं घर आणि मागची नदीपर्यंतची जागा, अम्मच्चीच्या पश्चात, पुल्लिक्कडव सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. ही जागा ईप्पच्चनला कधीपासून हवी आहे, आणि लिहून दे म्हणून तो माझ्या मागं लागलेला आहे. वाचनालयाला वाचक कमी आणि सभागृहाची हौस जास्त. परंतु अट अशी की, वाचनालयाच्या लोखंडी कपाटात लूका फोटोग्राफरच्या ज्या काचेच्या निगेटिव्ह उरल्या आहेत, त्यांतली एकही यापुढं धुऊ नये, विकू नये, फोडू नये. आणि आमच्या घरच्या काचेची पूर्ण प्रत, न कापता, छापून एका रविवारी फळ्यावर लावावी. एक जरी काच धुतली, तर घर चर्चला जाईल. फादरचं आणि ईप्पच्चनचं एकमेकांशी किती पटतं हे सर्वांना ठाऊक आहे.

अट विचित्र वाटेल, म्हणून कारण लिहितो.

लूका हा गावचा एकुलता एक फोटोग्राफर. फिल्म आली, रंग आले, पण त्यानं मरेपर्यंत काच सोडली नाही. गेल्या वर्षी त्याच्या मुलीनं त्या काचांच्या पेट्याच्या पेट्या वाचनालयाला दिल्या. तेव्हापासून दर रविवारी एक जुना फोटो वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर लागतो आणि फोनवरच्या ग्रुपवर जातो. होडीतून निघालेली वरात, हत्तीला बघून पळणारे शाळामास्तर, पहिली शिवणयंत्रं आणि त्यांच्यापुढं परीक्षेला बसल्यासारख्या मुली. लोकांना फार आवडतात. दुबईहून, शिकागोहून बदाम येतात, आणि खाली लिहिलेलं असतं, "काय ते दिवस!" ते दिवस संपावेत म्हणून हीच मंडळी दुबईला गेली होती.

आता आमच्याकडची रीत. ख्रिस्ती घरात माणूस गेलं की लूकाला निरोप आधी जायचा, फादरना नंतर. शवपेटी अंगणात आणून डोक्याकडून जरा उचलून ठेवायची, आणि सगळं घर तिच्यामागं ओळीत उभं करायचं. एकूण एक माणूस गोळा होतं ते मयतालाच. लग्नाला निम्मी रुसलेली असतात. त्यामुळे लूकाच्या पेट्यांत कुटुंबाचे म्हणून जेवढे देखणे फोटो आहेत, ते बहुतेक मयताचे आहेत.

समितीपुढं पेच पडला. "रविवारी मुलं येतात. फळ्यावर मढं कसं लावायचं?" असं ईप्पच्चननं विचारलं आणि उत्तरही त्यानंच काढलं: खालचा भाग कापायचा. पेटी गेली, कुटुंब उरलं. पांढऱ्या कपड्यांतली, नीट उभी राहिलेली, गंभीर माणसं. वर मथळा, "अशी होती आपली एकत्र कुटुंबं!" ती सगळी माणसं खाली बघताहेत, हे कापताना कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी मी पेपर चाळायला गेलो, तर फळ्यावर आमचं घर. मी कधी पाहिले नव्हते इतके तरुण माझे वडील. त्यांचे थोरले भाऊ पोथन. पोथनकाकांचा मुलगा ईप्पच्चन, बारा वर्षांचा, तेल थापलेल्या केसांचा, हातात मेणबत्ती. आत्याच्या कडेवर मी. मथळ्याला या वेळी कोडं जोडलं होतं: "सगळे काय बघताहेत? ओळखा!" खाली लोकांनी खडूनं उत्तरं लिहिली होती. बारशाचं बाळ. नवा रेडिओ. केक. एकानं लिहिलं होतं, फणस, आणि चेहऱ्यांवरून तो कच्चा निघालेला दिसतो.

वाक्यात कर्ता दिसत नसला तर तो धरून चालावं, असं आम्हाला संस्कृतच्या वर्गात शिकवलं होतं. मी फळ्यापुढं उभा राहून धरून चालत होतो.

ते माझी आई एली हिचं मयत. वय सत्तावीस, तापानं गेली. तिचा दुसरा फोटो नाही. लग्नाच्या दिवशी नदीला पाणी चढलं आणि लूकाची होडी या काठालाच अडकली. मयताच्या फोटोची एकच प्रत निघाली, ती वडिलांनी ट्रंकेत कुलपात ठेवली. मी मागितली की म्हणायचे, "झोपलेल्या माणसाकडे काय बघायचं?" पुढं ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार ती प्रत त्यांच्या छातीवर पालथी ठेवून त्यांच्याबरोबर पुरली. मला दिसला तो मागचा पुठ्ठा आणि त्यावरचा लूकाचा शिक्का. वडील जाताना आईलाही घेऊन गेले, आणि मला विचारलं नाही. ही तक्रार मी येथे नोंदवतो. निवारणाची अपेक्षा नाही.

तात्पर्य, माझ्या आईचा चेहरा मला ठाऊक नाही, आणि तो जगात आता एकाच ठिकाणी आहे: त्या काचेच्या खालच्या भागात.

मी ईप्पच्चनकडे गेलो.

"ईप्पच्चा, ती काच मला दे."

"तुला दिली की वर्कीला द्यावी लागेल, मग साऱ्या गावाला. वाचनालय चालवतोय मी, मयताचं दुकान नाही."

"मग नुसती ठेव."

"ठेवून काय करू? संगणकात सगळं आलंय."

"कापलेलं आलंय."

"कामापुरतं आलंय की! आणि काचा बघ कशा जाड आहेत, कुरुविला. गरम पाणी, सोडा, की लख्ख. पुस्तकांवर धूळ बसतेय, कपाटांना दारं नाहीत, निधी नाही. आपल्याच वाडवडिलांनी पुस्तकं राखली तर त्यात वाईट ते काय?"

म्हणजे तोवर धुणं सुरू झालेलं होतं. आमचं घर पाचव्या कपाटासाठी निघालं होतं, कादंबऱ्यांच्या. माझी आई मोक्याच्या जागी बसली असती.

तेव्हा मी म्हणालो, "जागा हवी ना तुला? मग काच राख." तो म्हणाला, "तू काय, उद्या मृत्युपत्र बदलशील." मी म्हणालो, "म्हणूनच तर मी जिवंत असेपर्यंत तू नीट वागशील."

६. तिसऱ्या कपाटाबाबत. त्याच्या दारांना लहान लहान चौकटींत बारा घरांच्या धुतलेल्या काचा बसलेल्या आहेत. धुणं घाईत झालं असावं. दुपार कलली की त्या काचांत माणसांच्या ओळी दिसतात. फिकट, श्वास सोडल्यासारख्या. सगळ्यांच्या माना खाली, पुस्तकांवर. सौदामिनी चेच्ची मला म्हणाल्या, "कुरुविला सर, हसू नका. दार उघडलं की तीही सरकतात. मी आधी म्हणते, जरा बाजूला व्हा हो, आणि मग पुस्तक काढते."

"आणि होतात बाजूला?"

"होतात. पण बघायचं थांबत नाहीत."

मी हसलो नाही. त्या कपाटात मीच दिलेली व्याकरणाची पुस्तकं आहेत आणि मी ती पुन्हा हातात घेतलेली नाहीत. ती बारा घरं कोणाकडे बघत होती हे आता कोणी सांगू शकणार नाही. संगणकात ते घेतलं नाही, आणि काचेवरचं पाण्याबरोबर मोरीतून गेलं. त्या काचा पुन्हा घासू नयेत. आहेत तशा राहू द्याव्यात. त्यांना निदान काहीतरी वाचायला आहे.

७. माझ्या मयताचा फोटो काढावा, पेटीसकट. मी अविवाहित असल्यामुळे मागची ओळ आखूड पडेल; वर्कीला उभं करावं, शिडीशिवाय. फोटो पुढं कधी लोकांना दाखवलाच, तर अख्खा दाखवावा.

८. हे मृत्युपत्र येथे संपायचं होतं. वकिलांना फोनवर वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "कुठली काच? वर्णन लिहा. उद्या भलतीच काच दाखवून म्हणतील, ही बघा, राखली. तुम्ही स्वतः पाहिली आहे ना?"

मी पाहिली नव्हती. वर्षभर ती माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. पुरात वाहून आलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांची नावं विचारून बातमी दिली आहे. या कपाटापर्यंत मात्र मी दोनदा गेलो आणि दोनदा वर्तमानपत्र वाचून परत आलो.

आज सकाळी गेलो. सौदामिनी चेच्चींनी कपाट उघडलं. ईप्पच्चन दारात उभा होता, आत येईना.

"ये की. तुझीच मालमत्ता आहे," मी म्हणालो.

"तू बघ. मी इथं बरा आहे."

"धुवायला निघाला होतास, आणि बघायला घाबरतोस?"

"बघायला लागू नये म्हणूनच धुवायला निघालो होतो रे!" तो ओरडला. वाचनालयात ओरडू नये ही पाटी त्यानंच लावलेली आहे. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मेणबत्ती माझ्या हातात दिली होती. हलू नकोस म्हणाले, सगळं पुसट होईल. मी तिच्याकडं बघत उभा होतो. तुझी आई, माझी कोच्चम्मा, मला भाजलेले काजू द्यायची, बाबांच्या चोरून. मला वाटायचं, हललो तर तीच पुसली जाईल."

हे त्यानं मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मीही आईबद्दल कधी विचारलं नव्हतं. मला वाटे त्याला आठवत नसेल.

चेच्चींनी काच नदीकडच्या खिडकीशी धरली. ईप्पच्चन आला आणि माझ्या मागं उभा राहिला.

वर्णन: काच एक, उजव्या कोपऱ्यात चीर. आमच्याकडे मयताला पांढरं नेसतात. काचेत सगळी माणसं काळ्यात आहेत. मेणबत्तीची ज्योत काळी. फुलं काळी. ओळीच्या पुढं पेटी, तीत स्त्री एक, डोळे मिटलेले, हात छातीवर, पायांवर रीतीप्रमाणे लग्नाची साडी. केस पांढरेशुभ्र.

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून उपयोग झाला नाही. सत्तावीस वर्षांची गेलेली बाई तिथं आज जेवढी असती तेवढी झालेली होती. केसांतून नदीवरचा उजेड येत होता.

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. मग ईप्पच्चन म्हणाला, "आज असती तर अशीच दिसली असती रे."

चेच्चींचे हात भरून आले असतील, पण त्यांनी काच खाली घेतली नाही.

चेहऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही. वर्णनाला एवढं पुरेसं आहे, असं वकील म्हणाले.

९. सबब, कलम पाचमध्ये पूर्ण प्रत छापून फळ्यावर लावण्याची जी अट आहे, ती मी रद्द करतो. छापली की आई पुन्हा सत्तावीसची होईल, आणि पुन्हा मेलेली असेल. ही काच चौकटीत बसवून त्या नदीकडच्या खिडकीतच ठेवावी. ज्याला बघायचं असेल त्यानं उजेड असताना यावं. बाकी अट कायम. मी ऑपरेशनातून परत आलो तरी कायम.

वर लिहिलेलं सर्व मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर काटछाट सुचवली असती. स्वतःचं आहे, म्हणून अख्खं ठेवून खाली सही करतो.

कुरुविला मात्तन
स्थळ: पुल्लिक्कडव, सार्वजनिक वाचनालय
दिनांक: ९ सप्टेंबर २०२४

साक्षीदार:

(१) सौदामिनी, ग्रंथपाल. कुरुविला सरांनी माझ्यासमोर सही केली. बुद्धी शाबूत होती.

(२) ईप्पन पोथन, अध्यक्ष. माझ्यासमोर सही केली. काचेतल्या स्त्रीला मी जिवंतपणी पाहिलेलं आहे. ती एली कोच्चम्माच आहे.