काळ्या पडद्याचा सहावा दिवस

मकर संक्रांत, २००५. संध्याकाळ.

आज सहावा दिवस, डोकं दुखलेलं नाही. लिहितानाही भीती वाटतेय, दृष्ट लागेल म्हणून. दिवाळीपासून कॉम्प्युटरच्या पांढऱ्या पडद्यावर प्रोग्रॅम लिहून डोळे जळत होते. डोळेच जाणार, नोकरी सोडावी लागणार, असं धरून चालले होते. पंचवटीतल्या डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. आईला बोलले नाही. फडताळातला बाम चोरून लावायचे. मग ऑफिसातल्या सुषमाने पडदा काळा करून दिला, अक्षरं फिकट पिवळी. एवढंच? एवढ्यासाठी मी रडत होते?

आज घरी काम करत बसले होते, तेवढ्यात आई तिळगूळ घेऊन आली. पडदा बघून म्हणाली, "दिवेलागणीला काळं काय गं समोर?"

"आणि तू काय नेसलीयस?"

संक्रांतीची काळी साडी, पिवळी बुट्टी. हसली. "माझं आजच्यापुरतं. तुझं?"

"माझं रोजचंच राहणार."

मला वाटलं, आता ओरडणार. तर माझ्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणाली, "राहू दे मग. सहा दिवस बामची बाटली जागची हलली नाहीये. रोज बघते मी."