तिसऱ्या खांबावरची काच फुटल्याबाबत, आणि चौदा खुणांपैकी तेरा खोडण्याबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
विभाग पुनर्रचना कक्ष,
राज्य सचिवालय.

विषय : अर्जदाराने आपल्याच हाताने केलेला घोळ निस्तरून जुना पूल कोणत्याही एका विभागाच्या ताब्यात देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचा 'विभाग निवड' नमुना, जो अर्जदाराने कोणालाही न विचारता भरला.

महोदय,

१. अर्जदार नदीवरच्या जुन्या पुलाचा चौकीदार असून गेली एकतीस वर्षे त्या पुलाच्या तिसऱ्या खांबाकडे बघण्याचे काम करतो. खांबाला एक उभा तडा आहे. तड्यावर पाच ठिकाणी काचेच्या आडव्या पट्ट्या सिमेंटने बसवलेल्या आहेत. काच शाबूत आहे तोवर तडा झोपलेला. काच फुटली की तडा जागा झाला असे समजायचे आणि पूल देखभाल मंडळाच्या इंजिनिअर साहेबांना ताबडतोब कळवायचे. एकतीस वर्षांत एकही काच फुटली नव्हती. अर्जदाराची बायको म्हणते, "सरकार तुम्हाला काच बघायचा पगार देतं, आणि घरातला आरसा पुसायला सांगितला की तुमची कंबर धरते."

२. जन्माचा दाखला कुठेच सापडत नसल्यामुळे अर्जदार अद्याप निवृत्त झालेला नाही. पगारपत्रकावर तो अंगठाच उठवत असे. दोन वर्षांपूर्वी नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या चौकीवरच्या पाटीवर काय लिहिलंय?" तेव्हा अर्जदाराने ठोकून दिले, "पूल चौकी." नात हसत सुटली. पाटीवर 'येथे थुंकू नये' असे होते. त्याच आठवड्यात अर्जदार संध्याकाळच्या प्रौढ वर्गात जाऊ लागला. वर्गाच्या बाई शब्दांनी भरलेला कागद देत आणि सांगत, "जो शब्द वाचता येईल त्याच्यासमोर खूण करा. घाबरायचं नाही, आजोबा." ही पद्धत साहेबांनी कृपया ध्यानात ठेवावी. पुढचे सर्व अनर्थ तिच्यातून निघाले आहेत. बाईंचा त्यात दोष नाही.

३. त्यानंतर शासनाने राज्यातली सगळी मंडळे, महामंडळे आणि सुटी कार्यालये मोडून ती चौदा विभागांत बसवायचे ठरवले. हेतू उत्तम होता. कोणी कोणाकडे जायचे हे लोकांना कळावे, असे परिपत्रकात म्हटले आहे. पूल देखभाल मंडळ बंद झाले, इंजिनिअर साहेब सेवानिवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाती एक छापील नमुना आला. त्यावर चौदा विभागांची नावे होती आणि प्रत्येक नावासमोर एक रिकामा चौकोन.

अर्जदाराला वाटले, बाईंनी परीक्षेचा कागद सरकारमार्फत पाठवला.

त्याने चौकीत बसून एकेक नाव वाचले. 'वने' लगेच आले. 'मत्स्यव्यवसाय' आणि 'पशुसंवर्धन' यांनी मिळून पाऊण तास घेतला. तरी त्याने एकही सोडले नाही. चौदाच्या चौदा चौकोनांत ठसठशीत खुणा केल्या आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "पैकीच्या पैकी!" खाली बारीक अक्षरात 'कोणत्याही एकाच चौकोनात खूण करावी' असे होते. बारीक अक्षर अर्जदाराच्या वर्गात अजून घेतलेले नव्हते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. अर्जदाराने तर शहाणा होण्याच्या दुसऱ्याच वर्षी ही मजल गाठली.

४. कर्मचाऱ्याच्या ताब्यातली मालमत्ता त्याच्याच विभागात जाईल, असा नियम असल्याने पूलही अर्जदाराच्या मागोमाग चौदा विभागांत गेला. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, मग चौदा घरच्या पुलाचे काय होत असेल ते साहेबांनीच पाहावे. पशुसंवर्धन विभागाने पुलावरच्या जनावरांची संख्या मागवली. अर्जदाराने अकरा कबुतरे कळवली. तर ती नेहमीचीच आहेत की येऊन-जाऊन, अशी उलट विचारणा आली. सांस्कृतिक विभागाने एका सभागृहात टाळ्या वाजवायला बोलावले. अर्जदार गेला आणि त्याने चांगल्या वाजवल्या. मात्र वन विभागाने त्याला खरोखर अडचणीत टाकले. तड्यात एक रोप उगवते. अर्जदार ते दर महिन्याला उपटून टाकी, कारण मूळ वाढले की तडा रुंदावतो. आता विभागाचा माणूस येऊन त्या रोपाला क्रमांक लावून गेला आहे आणि लेखी परवानगीवाचून हात लावायला मनाई आहे. रोप कमरेएवढे झाले आहे.

५. मागच्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी सकाळी वरून दुसरी काच फुटलेली दिसली.

अर्जदाराने चौदाही विभागांना फोन केले. त्यात दोन दिवस गेले. रस्ते विभागाचे कारकून म्हणाले, "काका, पूल आमचा आहे, पण चौदाव्या हिश्शापुरता. तुमचा तडा नेमक्या कुठल्या हिश्शात येतो?" अर्जदाराने पुढचा क्रमांक फिरवला. आरोग्य विभागाच्या बाईंनी आस्थेने विचारले, "काच फुटली तेव्हा कोणाला लागलं का?" अर्जदार म्हणाला, "अजून नाही." त्या म्हणाल्या, "मग लागल्यावर फोन करा."

सकाळी सात चाळीसची बस याच पुलावरून पलीकडच्या सूतगिरणीत जाते. तिच्यात चाळीसएक माणसे असतात. अर्जदाराची सून त्यांतली एक आहे, खिडकीशी बसते आणि चौकीजवळ आली की सासऱ्याला हात करते. त्या दोन दिवसांत अर्जदाराने उलटून हात केला नाही. तो खांबाकडे बघत होता.

६. तिसऱ्या दिवशी अर्जदाराने जे केले ते तो लपवत नाही. त्याने पुलाच्या दोन्ही तोंडांना डांबराची रिकामी पिंपे आडवी लावली, दोर बांधला आणि फळीवर खडूने लिहिले : 'चौदा विभागांच्या आदेशावरून पूल गाड्यांना बंद. पायी जावे.' खाली चौदाही विभागांची नावे लिहिली. चौदाही विभागांच्या हजेरीपटांवर त्याचे नाव असल्यामुळे एवढा अधिकार आपल्याला असावा, असे त्याला वाटले. पहिलाच ट्रकवाला खाली उतरून ओरडला, "बाबा, कोणाच्या हुकमाने अडवताय?" अर्जदाराने फळी दाखवली. त्याने पाच-सहा नावे वाचली आणि म्हणाला, "एवढी सगळी खाती एका गोष्टीवर एक झाली? मग भानगड भलतीच मोठी आहे." आणि तो गाडी वळवून लांबच्या नव्या पुलाने गेला. बसचे प्रवासी आता चालत पूल ओलांडतात आणि अर्जदाराला शिव्या घालतात. सूनही चालते. ती शिव्या घालत नाही, पण हातही करत नाही.

७. यावर वाहतूक विभागाची नोटीस आली आहे की, अधिकार नसताना वाहतूक अडवल्याबद्दल अर्जदारावर कारवाई का करू नये आणि पिंपे सात दिवसांत का काढू नयेत. अर्जदाराचे उत्तर एवढेच की, कारवाई जरूर करावी. पिंपे काढू नयेत.

८. हा अर्ज सोमवारी लिहायला घेतला आणि आज गुरुवारी पुरा होत आहे. सुरुवात केली तेव्हा एक काच फुटलेली होती. आता तीन फुटल्या आहेत. अर्जदार हळू लिहितो. तडा त्याच्याहून चलाख आहे.

तरी विनंती की, अर्जदाराच्या तेरा खुणा खोडाव्यात. कोणती चौदावी राहू द्यावी याबद्दल त्याचा हट्ट नाही. ज्या विभागाचा माणूस सर्वांत आधी येऊन खांब बघेल, त्याची राहू द्यावी. मत्स्यव्यवसाय असला तरी चालेल. आणि अर्जदाराला काढून टाकायचे ठरल्यास तो हुकूम टपालाने न धाडता साहेबांनी स्वतः आणून द्यावा. येताना गाडी पिंपांच्या अलीकडे उभी करावी आणि नदीकाठाने दहा पावले खाली उतरावे. अर्जदार तिसऱ्या खांबापाशीच असतो.

आपला, एरवी आज्ञेत राहणारा,
पूल चौकीदार
(सही स्वतः केली आहे. अंगठा नाही.)
गुरुवार, दुपार

सोबत :
१) वाहतूक विभागाची नोटीस.
२) वन विभागाचे रोपाबाबतचे मनाईपत्र.
३) तीन पट्ट्यांच्या काचा, फडक्यात बांधून. उघडताना साहेबांनी हाताला जपावे.