एक बीळ सोडून

आबा, इथे नेदरलँड्समध्ये, नायमेखनला माझ्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई एकटी राहते. तिची कुत्री थेट आपल्या कुत्रीसारखी आहे, मांजराएवढी, आखूड पायांची, क्षणभर स्वस्थ न बसणारी. इथे अशा जातीला टेरियर म्हणतात. लॉकडाउनमध्ये बाईचं बाहेर पडणं थांबलं, तसा कुत्रीने आधी सोफा उकरला, मग दाराची चौकट. बाईचा मुलगा यायचा आणि खिडकीबाहेरूनच ओरडून सांगायचा, "एवढा महिना बघतो, आई. नाहीतर तिला दुसरीकडे देऊन टाकतो." बाई मला म्हणाली, "ही गेली तर मी दिवसभर बोलू कुणाशी?" माझं विद्यापीठाचं काम सध्या घरूनच चालतं. मी म्हटलं, मी फिरवते हिला, वळणही लावते. चेंडू, बिस्किटं, शाबासकी, सगळं केलं. ती शहाण्यासारखी चेंडू आणून द्यायची आणि घरी आली की पुन्हा चौकटीला लागायची.

मग तुम्ही आठवलात. सुगी झाली की शेतकरी तुम्हाला बोलावणं धाडायचे. तुम्ही बांधावर बीळ खणताय, कुत्री नाक खुपसून थरथरतेय, घूस बाहेर पडते, एक हिसडा, संपलं. घुशींनी बिळात साठवलेली ज्वारी आपली, अशी रीत होती. मी शाळेतून अहिंसा शिकून आलेली. म्हटलं, "तिला नीट शिकवलं तर ती मारणार नाही." तुम्ही म्हणालात, "मग ने की शाळंत. मास्तरांच्या पाया पडंल आन् वर्गातले उंदीर बी धरंल." मी हट्टाने तिला घरातच बांधून ठेवलं, दूधभाकरी घातली. तिने आईची नवी लिंपलेली चूल उकरली. आई तुमच्यावर ओरडली, "शिकवली बघा तुमच्या लेकीनं!"

प्रत्येक शेतात एक बीळ मात्र तुम्ही तसंच सोडायचात. मला वाटायचं, दया असेल. विचारलं तेव्हा म्हणालात, "समदी संपवली तर पुढच्या साली आपल्याला कोण बोलवंल?" पुढे कॉलेजात गेल्यावरही हे उत्तर मला खुपायचं. घरात पहिली शिकलेली मी, मला दयाच हवी होती.

गावाबाहेर बाईच्या ओळखीचा एक शेतकरी आहे. त्याच्या गोठ्यात उंदीर फार झाले होते. परवा कुत्रीला सायकलच्या टोपलीत बसवून नेलं. तो जमिनीवरच्या फळ्या उचलत गेला आणि तिला काही शिकवावं लागलं नाही. मी बघत राहिले. नंतर बाटलीतल्या पाण्याने आधी तिचं तोंड धुतलं, मग मी प्यायले. तुम्ही तांब्यातलं पाणी असंच वापरायचात. त्या संध्याकाळी ती बाईच्या पायांवर झोपून गेली. चौकटीकडे फिरकलीही नाही.

आईला फोनवर एवढंच सांगितलं, की कुत्रीला फिरवून आणलं. हे तुम्हाला लिहिते आहे, कारण तिथे आणखी काही झालं. मारणं मला अजूनही पटत नाही. पण निघताना शेतकरी म्हणाला, "थांब, त्या भिंतीखाली अजून एक बीळ आहे." मी म्हटलं, "आज नको, दमली ती." तो म्हणाला, "बरं, मग पुढच्या आठवड्यात आण."

ती दमली नव्हती, आबा.