ओझरला बोललेलं तोरण

आई,

पाया पडते, पण राग गिळून न्हाई. फोनवर तोंडातून भलतंच निघालं असतं, म्हणून लिहितेय.

दादाकडनं कळलं, माझा फुटबॉलचा क्लब हरू दे, माझी नोकरी सुटू दे आणि मी शिनोलीला परत यावं, म्हणून तू ओझरच्या गणपतीला तोरण बोललीस. विघ्नहराकडं कुणी विघ्न मागतं का गं?

स्कॉटलंडातला हा बारका क्लब, मी त्यांची फिजिओ. पोरं दिवसभर कामं करून चिखलात प्रॅक्टिसला येतात, त्यांचे आखडलेले पाय मी मोकळे करते. शनिवारी शेवटची मॅच हरून आमी खालच्या लीगमध्ये गेलो. गोलकीपर माझ्यापुढं ढसाढसा रडला. बरं वाटलं तुला?

आणि नोकरी सुटली न्हाईच. पुढच्या सीझनलाही मला घेतलंय.

मी लई मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा शेकतेस ना? मेंढरांमागं पळू नकोस.

त्याच गुडघ्यानं ओझर गाठून देवाला सांगितलंस. मला रोज फोनवर नुसतं "जेवलीस का" विचारतेस. एकदा तरी "घरी ये" म्हणाली असतीस, तर मी आले असते.

तुझ्यावर रागावलेली,
दिशा