गाडीचं पुसून ठेवण्याबाबत

हा कागद लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल आधी दोन्ही मुलांची माफी मागतो. परवा गुरुवारी सकाळी माझ्या छातीवर शस्त्रक्रिया आहे आणि आज मंगळवारी दुपारी मी पेन शोधतो आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अण्णा, अजिबात काळजी करू नका." एवढ्या गोड आवाजात त्या आजवर माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून माझे हात गार आहेत.

मी, खाली सही करणारा, कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झालेला, शाळा सातवीपर्यंत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मी हे कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली लिहीत नाही. थोरला दोनदा दारात येऊन "अण्णा, झालं का?" असे विचारून गेला, त्याला मी दडपण धरत नाही. शुद्धलेखन चुकले असेल तर अर्थ धरावा, वेलांटी धरू नये.

पहिले. राहते घर थोरला आणि धाकटी यांना निम्मे-निम्मे. थोरला आणि सूनबाई इथे राहतात, त्यांना कोणी उठवू नये. मागची खोली धाकटीचीच राहील. ती येवो न येवो, तिथे इस्त्रीचे टेबल ठेवू नये. (ठेवलेले मी पाहिले आहे.)

दुसरे. बँकेत जे आहे त्यातून आधी दवाखाना भागवावा. उरेल ते दोघांत सारखे. त्यावर भांडण होईल एवढे ते नाही.

तिसरे. वरच्या मजल्यावरचे साहेब कुंड्यांना पाणी घालतात आणि ते मातकट पाणी थेट आपल्या गाडीच्या टपावर उतरते. मी हयातभर त्यांना सांगत आलो. ते हयातभर "हो हो" म्हणत आले. ही तक्रार मी थोरल्याच्या नावे करतो. त्याने ती चालू ठेवावी.

चौथे. गाडी. माझा जीव अडकला आहे तो इथे.

गाडी गडद निळी आहे. रंग तुमची आई होती तेव्हा तिने निवडला. मी पांढरी म्हणत होतो, तर ती म्हणाली, "पांढरी काय, कुणाकडेही असते." गडद रंगावर केसाएवढा ओरखडासुद्धा उठून दिसतो, हे विकणाऱ्याने सांगितले नाही, मला ते नंतर कळले. कंपनीतून आला तोच रंग आजही तिच्या अंगावर आहे. आता थोरल्याने ठरवले आहे की शुक्रवारी तिला रंगाऱ्याकडे न्यायची, निळा रंग खरवडून पांढरा मारायचा आणि भाड्याने लावायची. "अण्णा, गाडी आहे ती, नवरी नाही," असे तो म्हणतो. त्याचे चुकते असे मी म्हणत नाही, भाड्याला पांढरीच चालते. पण खरवडलेला रंग परत येत नाही, आणि शुक्रवारी मी "थांब" म्हणायला शुद्धीवर असेन की नाही, याची खात्री मला कोणी देत नाही.

इथे लिहिणे सोडून उठावे लागले. खिडकीतून पाहिले तर टपावर कावळ्याची ताजी घाण. उन्हात वाळली की ती रंगात उतरते, मग डाग कायमचा. मला हात वर करायला बंदी आहे. थोरला अंगणात फोनवर बोलत होता.

"अरे, टपावर घाण पडली आहे! ओला फडका ठेव!"

"अण्णा, तुमचं मृत्युपत्र चाललंय ना? मग लिहा की निवांत."

"तेच लिहितोय! घासू नको, नुसता ठेव!"

"शुक्रवारी खरवडायचाच आहे तो रंग!"

"शुक्रवार अजून उजाडला नाही!"

तो पुटपुटत गेला. काय पुटपुटला ते ऐकू आले, इथे लिहीत नाही.

पाचवे. दोन बादल्या, पाण्याचा पाइप, मऊ हातमोजा, जाड टॉवेल आणि मेणाचा डबा हे सर्व गाडीबरोबर जावे, वेगळे करू नये. जो कोणी गाडी घेईल त्याला माझे सांगणे असे. बॉनेटला हाताची मागची बाजू लावून पाहा, गरम असेल तर पाणी घालू नका, सावलीत गार होऊ द्या. आधी नुसते पाणी, वरून खाली, म्हणजे धूळ आपल्या पायांनी निघून जाते. मग साबण. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. मोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच साबणात बुडवायचा, नाहीतर काढलेली माती आपण परत गाडीलाच चोळतो. भांड्यांचा साबण वापरू नका, तो मेण काढून नेतो. हात सरळ फिरवा, लांबीच्या दिशेने, गोल गोल कधीही नाही. चाके सर्वांत शेवटी, त्यांचा फडका वेगळा. जमिनीवर पडलेला फडका गाडीला मेला, त्याने फरशी पुसा. टॉवेल गाडीच्या अंगावर पसरून उचलायचा, रगडायचा नाही. मेण पातळ लावावे. जाड लावल्याने रंग जास्त जगत नाही, आपलाच खांदा दुखतो. सूनबाई म्हणतात, एवढी आंघोळ तर तुम्ही स्वतःला घालत नाही. ते खरे आहे.

आणि कोरडी गाडी कोरड्या फडक्याने पुसू नये. कधीही नाही. यावरूनच पुढचे कलम.

सहावे. आमच्या आईकडून, म्हणजे तुमच्या आजीकडून, माझ्या तोंडात एक शब्द आला आहे. ती विचारण्याला पुसणे म्हणायची. "दुकानदाराला पुसून ये", "वडिलांना पुसलंस का?" मीही तसेच बोलतो. एके दिवशी मी बाहेरून धाकटीला फोन केला आणि म्हणालो, "गाडीचं पुसून ठेव, मी संध्याकाळी येतो." ब्रेक लागत नव्हता, मेकॅनिक कधी मोकळा आहे ते विचारून ठेव, असे माझे सांगणे होते. रस्त्यावर गोंगाट होता. तिने ऐकले, "गाडी पुसून ठेव."

शेजारी भिंतीला सिमेंट चालू होते. गाडीवर त्याच्या धुळीचा थर होता. धाकटीने मला बरे वाटावे म्हणून कोरडा फडका घेऊन सगळे बॉनेट चकचकीत होईपर्यंत गोल गोल पुसले. मी आलो, ऊन तिरपे होते, आणि निळ्या रंगावर कोळ्याचे जाळे विणल्यासारखे ओरखडे दिसले.

"कुणाला पुसून पुसलीस?" मी ओरडलो.

"तुम्हीच म्हणालात, पुसून ठेव!"

"अगं, मेकॅनिकला पुस म्हणालो होतो!"

"मग विचार म्हणायचं ना! गाडीला रोज पुसता, अण्णा. या घरात मला कधी कुणी पुसलंय?"

पुढच्याच महिन्यात ती परगावी नोकरी धरून गेली. आता फोन करते. मी विचारतो, "जेवलीस का?" ती म्हणते, "हो." मी म्हणतो, "तब्येतीला जप." ती म्हणते, "बरं." त्या "बरं"ला कडी लावलेली असते. परवाच्या शस्त्रक्रियेचे तिला सांगितले, तेव्हाही "बरं" म्हणाली, पण जरा थांबून. त्या थांबण्यावर मी दोन दिवस काढले आहेत.

रंगारी म्हणाला होता, "अण्णा, मशीनने पॉलिश मारतो, ओरखडे गायब." पॉलिश म्हणजे रंगाचा वरचा थर खाणे. मी नको म्हटले. एक कारण ते. दुसरे असे की धाकटी ठेंगणी आहे, दोन्ही बाजूंनी पुसूनही तिचा हात बॉनेटच्या मध्यापर्यंत पोचला नाही. कडांना गोल ओरखडे आहेत आणि मधे एक पट्टा कोरा राहिला आहे. सकाळच्या उन्हात ते पाहिले की टाचा उंचावून पुसणारी पोर दिसते. ते थोरल्याच्या रंगाऱ्याने खरवडू नये, एवढेच मला हवे आहे.

सातवे. म्हणून गाडी धाकटीला.

हे वाचून साक्षीला बोलावलेले शेजारचे शिंपीदादा म्हणाले, "ठीक आहे, करा सही." मी पेन टेकवले आणि थांबलो. तिला गाडी हवी आहे का, हे कोणालाच ठाऊक नाही. मी वरची ओळ खोडायला घेतली आणि शेजारी लिहिले, "धाकटीला पुसावे."

"अण्णा, मृत्युपत्रात द्यायचं असतं. पुसायचं नसतं," शिंपीदादा म्हणाले.

"न पुसता पुसलं, त्यातूनच हे सगळं झालं. आता न पुसता देणार नाही."

तळमजल्यावरच्या नर्सताई दुसऱ्या साक्षीदार. त्या म्हणाल्या, "लिहू द्या हो त्यांना. रक्तदाब वाढतोय."

तर सातवे कलम असे. धाकटे, या कागदाने मी तुला पुसतो. गाडी घेशील का? ओरखड्यांसकट? उद्या संध्याकाळपर्यंत तुझा होकार आला तर किल्ली नर्सताईंकडे राहील आणि गाडीला कोणी हात लावणार नाही. नकार आला, किंवा काहीच आले नाही, तर गाडी थोरल्याची. मग त्याने तिला पांढरी करावी, मी वरून शाप देणार नाही.

थोरल्याबद्दल एक नोंद. आत्ता खिडकीतून पाहिले. त्याने टपावर आधी पाणी सोडले, फडका ओला करून ठेवला, वाट पाहिली आणि न घासता अलगद उचलला. फडका हातातून खाली पडला, तर घरात जाऊन दुसरा आणला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, मीही पाहिले नाही असे दाखवले. यामुळे कलम बदलत नाही. पण नोंद असावी.

लिहून देणार: अण्णा (सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार: शेजारचे शिंपीदादा (सही)
साक्षीदार: तळमजल्यावरच्या नर्सताई (सही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, खिडकीजवळ
वार: मंगळवार, दिवेलागणीच्या आधी

ता. क. धाकटे, शिंपीदादा या सगळ्या पानांचे फोटो काढून आत्ताच तुला पाठवत आहेत. गुरुवारी सकाळी मला आत नेतील, म्हणून उद्या संध्याकाळच्या आत कळव. हो म्हण, नाही म्हण, भांडायचे असेल तर फोन करून भांड. पण नुसते "बरं" कळवू नकोस.