मयताशी नाते

प्रति,
मा. उपनिबंधक (जन्म-मृत्यू नोंदणी),
गोदाकाठ प्रभाग कार्यालय,
नांदेड.

विषय : कालकथित आनंदराज गजभारे यांच्या मृत्यूच्या नोंदीत अर्जदाराचे नाव 'मुलगी' म्हणून लावण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. १७ फेब्रुवारी २०२५, 'एकाच व्यक्तीस अनेक पिता असल्याबाबत खुलासा'.

महोदय,

१. दि. १० फेब्रुवारी रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास आपल्या कार्यालयाच्या खिडकी क्रमांक तीनसमोर जी शांतता पसरली, तिच्यापासूनच हा अर्ज सुरू करणे भाग आहे. कीबोर्डवरची बोटे थांबली होती. रांगेतील माणसे आपापल्या गोष्टी अर्ध्यावर टाकून अर्जदाराच्या पाठीकडे पाहत होती. अर्जदार हिने वडिलांच्या मृत्यूची नोंद करण्यासाठी स्वतःचा आधार क्रमांक सांगितला होता, एवढेच घडले होते. त्यावर लिपिक श्री. व्यंकटी यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारले होते, "ताई, तुमच्या नावावर आधीच सात बाप न् चार माया दिसून राहिल्यात. ह्यो आठवा बाप कुठून आणला?" रांगेत कोणीतरी हसले. मग तेही गप्प झाले. अर्जदार कागद उचलून रांगेतून बाहेर पडली. त्या प्रश्नाचे उत्तर या अर्जाद्वारे सादर करीत आहे.

२. अर्जदार पंचशीला आनंदराज गजभारे ही मराठी विषयाची एम. ए. असून पुणे येथील एका खासगी विमा कंपनीच्या दावे विभागात सहा वर्षे नोकरीस होती. 'नाते सिद्ध होत नाही, सबब दावा फेटाळण्यात येत आहे' हे वाक्य तिने तेथे इतक्या वेळा लिहिले, की पुढे पुढे ते लिहिताना हाताला वजन जाणवेनासे झाले. असेच एक पत्र घेऊन उदगीरकडच्या लक्ष्मम्मा नावाच्या बाई एसटीने पुण्यास आल्या. ईश्वरप्पा नावाच्या एकट्या वृद्धाचे त्यांनी नऊ वर्षे केले होते. दोघांत रक्ताचे वा लग्नाचे काही नव्हते. कंपनीच्या दारात त्यांनी अर्जदाराचे मनगट धरले. "नऊ वर्सं भाकर म्या घातली, अंथरूण म्या धुतलं, शेवटचं पाणी म्या पाजलं. मंग म्या त्याची कोन व्हते, तेवढं तरी सांगा मॅडम." अर्जदार मनगट सोडवून घेऊन लिफ्टमध्ये शिरली. दार मिटेपर्यंत बाई तशाच उभ्या दिसत होत्या. त्यानंतर पाच महिन्यांनी अर्जदार हिने राजीनामा दिला.

३. नांदेडास परतून तिने 'सोबत' या नावाने छोटा सेवा व्यवसाय सुरू केला. ज्यांची मुले पुण्यास, हैदराबादेस वा त्याहून लांब आहेत, अशा वृद्धांना दवाखान्यात नेणे, तपासणीच्या रांगेत उभे राहणे, दाखल झाल्यास खाटेशेजारी बसणे, असे कामाचे स्वरूप आहे. अर्जदाराचे वडील मुदखेड जंक्शनवर चौतीस वर्षे पॉइंट्समन होते. पगाराची नोकरी सोडल्याचे ऐकून त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि मग म्हणाले, "करून बघ, बाई. म्या बी तेच केलं. दुसऱ्याच्या गाड्या रुळाला लावून दिल्या. आपल्याला कुठं जायचं व्हतं?"

४. चूक कोठे झाली ते अर्जदार येथे स्पष्टपणे नमूद करते. लातूरचे निवृत्त शिक्षक श्री. रेणुकादास यांना तातडीने शस्त्रक्रियेसाठी घेतले, तेव्हा संमतीपत्रावर 'रुग्णाशी नाते' हा रकाना होता. त्यांचे चिरंजीव श्री. यज्ञेश हैदराबादेहून फोनवर म्हणाले, "ताई, तुम्हीच सही करून टाका ना, प्लीज. मी निघतोच आहे." दाखल करून घेणाऱ्या कर्मचाऱ्याने यादी वरखाली केली. "सोबत असं नातं हितं न्हाई. मुलगी टाकू का?" अर्जदार हिने मान डोलावली. यज्ञेश पोचले तेव्हा गुरुजींना जाऊन चार तास झाले होते, आणि संमतीपत्रावरचे नाते मृत्यूच्या नोंदीपर्यंत जाऊन पोचले होते. त्यांनी ते वाचले, अर्जदारास हात जोडले आणि काही दुरुस्त केले नाही.

पुढील दहा वेळा अर्जदार हिने मानदेखील डोलावली नाही. कर्मचारी तिला ओळखू लागले होते, ते न विचारताच 'मुलगी' लिहीत. देगलूरच्या रत्नम्मा यांना मात्र विचारले होते. त्यांना मराठी तुटपुंजी येई. त्यांनी अर्जदाराच्या गालावर हात ठेवून "बिड्डा" म्हटले, म्हणजे लेकरू. कर्मचाऱ्याने त्यावरून 'मुलगी' लिहिले. ती नोंद खोटी होती असे अर्जदारास शपथेवर सांगता येणार नाही.

५. दि. ४ फेब्रुवारी रोजी दुपारी अर्जदार अतिदक्षता विभागात एका परक्या वृद्धाचा चष्मा हातात धरून बसली होती. तेथील नियमानुसार तिचा फोन बंद होता. त्याच वेळी नांदेडच्या राहत्या घरी तिच्या वडिलांच्या छातीत कळ आली. शेजारी श्री. मडिवाळप्पा वर्तमानपत्र परत द्यायला आले होते, म्हणून ते जवळ होते. "पोरगी आली का?" असे वडिलांनी दोनदा विचारले. मडिवाळप्पांनी दोन्ही वेळा "आली, आली, हितंच हाय" म्हणून सांगितले. याही खोट्या माहितीची नोंद आपल्या दप्तरी व्हावी. आपल्या कार्यालयाच्या तात्पुरत्या नोंदीत माहिती देणारा 'शेजारी' असे आहे, ते खरे आहे. जे काम अर्जदार इतरांच्या घरी करीत होती, ते तिच्या घरी त्यांनी केले.

६. संदर्भीय पत्रात आपण कळवले आहे, की संगणक एका व्यक्तीस एकच पिता मान्य करतो. आधीच्या नोंदी कायम झाल्या असल्याने शेवटी आलेला पिता अमान्य ठरतो. अर्जदारास आनंदराज यांची मुलगी व्हावयाचे असल्यास आधीच्या अकराही नोंदी स्वतः खोट्या दिल्या, असे प्रतिज्ञापत्र तिने करून द्यावे; म्हणजे त्या अकरा नोंदी रद्द होतील आणि ज्यांचे कोणी असतील त्यांनी नव्याने अर्ज करावेत. महोदय, यज्ञेश येतील. बाकीच्यांपैकीही बरेच येतील. रत्नम्मांचे कोणी येणार नाही. त्यांची नोंद रद्द झाली तर त्या गेल्या, असे सांगणारा कागद या राज्यात उरणार नाही, आणि सांगणारे माणूस तर अर्जदाराखेरीज आधीही नव्हते.

पत्राच्या शेवटी 'नाते सिद्ध होत नाही' असे आहे. ते वाक्य अर्जदाराच्या ओळखीचे आहे. अक्षर तेवढे आपले.

७. सबब विनंती अशी, की अकरा नोंदी आहेत तशा राहू द्याव्यात आणि आनंदराज गजभारे यांच्यासमोर बारावी नोंद म्हणून का होईना, अर्जदाराचे नाव लावावे. शाळेच्या दाखल्यावर तेच पिता आहेत. लहानपणी ज्या हिरव्या झेंडीची तिने बाहुलीला साडी नेसवली, ती झेंडी त्यांचीच होती. परंतु तिचा पुरावा म्हणून उपयोग नाही, हे अर्जदार जाणते. नियमाने एकच पिता ठेवावयाचा असल्यास आठांतून कोणास वगळावे, ते आपणच ठरवून द्यावे. अर्जदार हिने तीन दिवस यादी समोर घेऊन पाहिले. तिला ते जमले नाही. मृत्यू नोंदवण्याच्या एकवीस दिवसांच्या मुदतीचा शेवटचा दिवस आज आहे.

८. काल, दि. २४ रोजी, अर्जदार हे सर्व तोंडी सांगण्यासाठी आपल्या दालनात आली होती. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल ती आभारी आहे. "प्रतिज्ञापत्र आणा, मी पाच मिनिटांत सही करतो," असे आपण म्हणालात. तेव्हा अर्जदार हिने विचारले, "साहेब, मग मी त्यांची कोण होते?" आपल्याला तो प्रश्न तिच्या वडिलांविषयी वाटला असेल, अकरांविषयी वाटला असेल, तिलाही तो नीट वेगळा करता आला नसता. आपण फाईलची नाडी बांधलीत, खुंटीवरचे हेल्मेट घेतलेत आणि तिच्या शेजारून जिना उतरून निघून गेलात.

खुलाशाची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
पंचशीला आनंदराज गजभारे
मयताशी नाते : मुलगी

नांदेड, दि. २५ फेब्रुवारी २०२५

सोबत :
(अ) शाळा सोडल्याचा दाखला, साक्षांकित प्रत.
(आ) शेजारी श्री. मडिवाळप्पा यांचा जबाब, त्यांच्या सहीसह.
(इ) आपण पाठवलेला प्रतिज्ञापत्राचा नमुना, सही न करता परत.